जुन्या रस्त्याने पंच्याहत्तरी

आपल्या घरांतून वाढदिवस पूर्वी तिथीने होत असे. पहाटे अभ्यंगस्नान, देवास व वडीलधाऱ्यांस नमस्कार, औक्षण, आणि पानात एखादे पक्वान्न, एवढ्यावर तो उरकत असे. थाट थोडा; पण ज्याचा वाढदिवस असे त्यास तो आठ दिवस आधीपासून ठाऊक असे, आणि त्या आठ दिवसांच्या वाट पाहण्यात निम्मे सुख असे. अलीकडे आमच्या तरुण मंडळींत निराळी रीत रुळली आहे. ज्याचा सण, त्यालाच त्याचा सुगावा लागू द्यावयाचा नाही. सर्वांनी मिळून कट करावयाचा, आणि ऐन वेळी त्यास चकित करून सोडावयाचे. हिला ही मंडळी ‘सरप्राइज’ म्हणतात. आम्ही या रीतीचे वैरी नाही. कुटुंबातील दहा माणसे एका माणसाच्या आनंदासाठी महिनाभर खपतात, ही गोष्ट काही वाईट नव्हे. परंतु २०२५ सालच्या माघात आमच्याच घरी हा प्रयोग झाला, आणि त्यात आम्हांस जे शिकावे लागले ते वाचकांपुढे मांडावेसे वाटते. कारण असे कट आज बहुतेक घरांतून शिजत असतील.

प्रसंग होता आमच्या काकूंच्या पंच्याहत्तरीचा. आम्ही आठ वर्षांचे असताना काकू सून म्हणून आमच्या ठाण्याच्या घरी आल्या. त्यांस मूलबाळ झाले नाही, आणि काकांना जाऊनही आता बरीच वर्षे झाली. घरातील दोन पिढ्यांचे अभ्यास त्यांनी घेतले. गावातील मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे त्यांनी इतिहास शिकविला, आणि आजही घरात कोणी सनावळी चुकला की स्वयंपाकघरातून ती दुरुस्त होऊन येते. गुडघे तेवढे कुरकुरू लागले आहेत. बाकी प्रकृती ठणठणीत.

त्यांचे माहेर पुण्याचे, नारायण पेठेतले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेच्या पाण्याने नदीकाठच्या पेठांची दैना केली. काकूंच्या वडिलांचे बिऱ्हाड ज्या वाड्यात होते तो वाडा त्या पुरात पडला. माणसे वाचली; भांडीकुंडी, पुस्तके, देव, सारे वाहून गेले. काकू तेव्हा अकरा वर्षांच्या. चार-पाच दिवसांनी ठाण्याचे त्यांचे मामा एका स्नेह्यांची मोटार घेऊन आले आणि भाचीस आपल्याबरोबर घेऊन गेले. तेव्हा ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पूल झालेला नव्हता. मुंबईहून पुण्यास जाणारा रस्ता ठाण्यावरून, मुंब्र्यावरून पनवेलीस जात असे. त्याच रस्त्याने, बोरघाट उतरून, काकू ठाण्यास आल्या त्या कायमच्या. मामांकडेच त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे लग्नही. एवढी हकीकत आम्हांस ठाऊक होती, आणि ती ठाऊक आहे या समाधानात आम्ही होतो.

चिरंजीवांनी वाढदिवसाचा बेत मांडला तेव्हा आम्हीच सुचविले, “नव्या द्रुतगती मार्गाने जाऊ नका. काकू लहानपणी ज्या रस्त्याने आल्या त्याच जुन्या रस्त्याने त्यांस न्या.” सर्वांस ते पसंत पडले. लोणावळ्यास एक बंगला दोन दिवसांकरिता ठरविण्यात आला. थोरले बंधू, वहिनी, पुण्याची, नाशिकची मंडळी आदल्या रात्रीच तेथे जमणार होती, आणि काकूंनी उंबरठा ओलांडताच पडद्याआडून बाहेर येणार होती. काकूंस मात्र “उद्या सकाळी जरा बाहेर जाऊन येऊ” यापलीकडे काही सांगावयाचे नव्हते. त्यांची पिशवी सूनबाईंनी परस्पर भरली. औषधांचा डबा, शाल, गरम पाण्याची पिशवी, डॉक्टरांचे कागद, सारे आठवणीने घातले. घरात शिरताना फोन बंद व्हावयाचे, बोलणी मध्येच तुटावयाची, लहान नातीच्या तोंडावर हात ठेवला जावयाचा. आणि या सर्वांची आम्हांस मोठी गंमत वाटत असे.

ठरल्याप्रमाणे पहाटे सहास निघालो. चिरंजीव गाडी चालवीत होते; शेजारी आम्ही, मागे काकू, आमचे कुटुंब, सूनबाई आणि आठ वर्षांची नात. मुंब्र्याचे डोंगर उजाडता उजाडता मागे पडले. शिळफाट्यापाशी नातीने विचारले, “मोठी आजी, तू इकडून आली होतीस ना?” काकू “हो” एवढेच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. आम्हांस वाटले, पहाटे उठल्याने थकल्या असतील.

पनवेल आले. आज हे गाव मुंबईच्या विस्तारात मिसळून गेले आहे, पण पुणे रस्त्याचा खरा आरंभ एके काळी येथूनच होत असे. आगगाडी होण्यापूर्वी मुंबईचा प्रवासी होडीने पनवेलच्या बंदरास उतरे आणि तेथून टपालगाडीने वा बैलगाडीने घाटाकडे निघे. पळस्प्याला गोव्याचा रस्ता उजवीकडे फुटतो आणि आपला रस्ता चौक, खालापूर अशी गावे घेत डोंगराच्या पायथ्याशी जातो. एरवी या वाटेवर काकूंचे बोलणे थांबावयाचे नाही. परंतु त्या दिवशी चौकला इर्शाळगडाचे टोक दिसले तरी त्या गप्पच. एकदा मात्र त्यांनी सूनबाईंस हळूच विचारले, “माझे चष्म्याचे दुसरे घर घेतलेस का?” सूनबाई गडबडल्या, कारण पिशवी भरल्याचे काकूंस ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती. आमच्याही मनात तेव्हा पाल चुकचुकावयास हवी होती. पण कटात सामील झालेल्या माणसास आपल्या कटापलीकडे काही दिसत नाही.

खोपोलीस पोहोचलो. घाट चढण्यापूर्वी येथे थांबण्याची चाल रस्त्याइतकीच जुनी असावी. नाना फडणविसांनी येथे महादेवाचे देऊळ आणि मोठा बांधीव तलाव करविला, तो घाटाने जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या फार उपयोगी पडला. याच गावी टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. वर लोणावळ्याकडे अडविलेले पाणी नळांतून डोंगर उतरून खाली येते, आणि त्यावर निघालेल्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या. आम्ही तलावाकाठी गाडी उभी केली, काकूंस हात देऊन पायरीवर बसविले, आणि थर्मासातली कॉफी पेल्यात ओतून पुढे केली.

काकूंनी पेला हाती घेतला नाही. आमच्याकडे पाहून त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “आधी एक सांग. मला कुठे ठेवणार आहात, त्या जागेचे नाव तरी सांग. मी रडणार नाही. नाव ठाऊक असले म्हणजे मनाची तयारी करता येते.”

आमच्या हातातील पेला तसाच राहिला. क्षणभर कोणास काही बोलताच येईना. मग हळूहळू उलगडा झाला. आठ दिवसांपूर्वी चिरंजीव फोनवर बंधूंशी बोलत होते, “काकूंची सोय तळमजल्यावर केली आहे. तेथे जिने नाहीत, बाई पण आहे चोवीस तास. त्यांना मात्र काही कळू द्यायचे नाही.” हे सर्व काकूंच्या गुडघ्यांकरिता होते, बंगल्यातील खोलीविषयी होते. काकूंनी ते दाराआडून ऐकले. त्याच सुमारास आमच्या इमारतीच्या पुनर्बांधणीची बोलणी चालू होती. दोन वर्षे भाड्याच्या लहान जागेत राहावे लागेल, सर्वांची सोय कशी करावी, अशा चर्चा रोज जेवताना होत. त्यानंतर त्यांस पाहून तुटणारी बोलणी, न सांगता भरलेली पिशवी, तीत डॉक्टरांचे कागद! त्यांनी दोन आणि दोन चार केले. आणि आठ दिवस, आम्ही गालातल्या गालात हसत असताना, त्या रात्री जागून काढीत होत्या.

“आठ दिवस तुम्ही विचारले का नाही?” आमच्या कुटुंबाने डोळे पुसत विचारले.

“कोणी आपणहून सांगते का, ते पाहत होते,” काकू म्हणाल्या. “शिवाय, या घराने मला पुष्कळ सांभाळले आहे. आता नाही जमत म्हणालात, तर भांडायचे कशाच्या जोरावर?”

वाचकहो, आमच्या वयाच्या माणसास स्वतःची लाज वाटण्याचे प्रसंग सहसा येत नाहीत; तो एक आला. चव्वेचाळीस पावसाळे ज्या बाईने या घरात आमच्या बरोबरीने काढले असे आम्ही मागे एकदा मोठ्या अभिमानाने म्हटले होते, त्या बाईस आपला येथे हक्क आहे असे वाटत नव्हते. आणि ते आम्हांस, पन्नासांहून अधिक वर्षे एका छपराखाली राहून, त्या तलावाच्या पायरीवर कळले. आम्ही सारा बेत सांगून टाकला. लोणावळा, बंगला, पडदा, पंच्याहत्तर दिव्यांचे औक्षण, काही ठेवले नाही. सूनबाईंनी पिशवी उघडून आतली नवी साडी दाखविली. नात रडू लागली. तिचे रडणे मात्र गुपित फुटल्याचे होते.

काकू लगेच हसल्या नाहीत. तलावाकडे पाहत त्या बराच वेळ बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, “त्या दिवशी मामांची मोटार याच ठिकाणी थांबली होती. घाट उतरून ब्रेक तापले होते, ते निवेपर्यंत थांबायला हवे होते. मामांनी मला केळी दिली. ‘दोन दिवसांकरिता चल’ असे सांगून आईने मला मोटारीत बसविले होते. मी मामांना विचारले, आपण परत केव्हा जायचे? मामा या पाण्याकडे बघत राहिले. काही बोलले नाहीत. तेव्हा मला कळले, की परत जायचे नाही. कोणाचे काही चुकले नव्हते. घरच राहिले नव्हते, तर नेणार कुठे? पण मला कोणी सांगितले नाही. आज गाडी इथे थांबली, आणि वाटले, पुन्हा तेच.”

ही हकीकत आम्हांस ठाऊक आहे असे आम्ही समजत होतो! आम्हांस रस्ता ठाऊक होता, गाव ठाऊक होते, साल ठाऊक होते. त्या मोटारीत बसलेल्या मुलीस काय वाटले, हे साठाहून अधिक वर्षांत कोणी विचारलेच नव्हते. आणि आम्ही तिलाच, त्याच रस्त्याने, पुन्हा काही न सांगता घेऊन निघालो होतो.

कॉफी निवून गेली होती, दुसरी आणविली. ती पिऊन झाल्यावर काकूंनी पदर सावरला आणि विचारले, “म्हणजे आजचा दिवस माझा?”

“तुमचाच.”

“मग गाडी कुठे थांबायची ते मी सांगणार.”

चिरंजीवांनी लोणावळ्यास फोन करून पडदे काढावयास सांगितले, आणि आम्ही घाट चढू लागलो.

बोरघाट हा फार प्राचीन काळापासून कोकण व देश यांस जोडणारा मार्ग. परंतु त्यावरून चाकाची गाडी सुखाने जाऊ लागली ती १८३० सालापासून. माल्कम साहेब मुंबईचे गव्हर्नर असताना त्या वर्षीच्या नोव्हेंबरात हा रस्ता गाड्यांस खुला झाला. त्यापूर्वी माल जावयाचा तो बैलांच्या पाठीवरून. पुढे १८६३ साली आगगाडी घाट चढली, आणि २००२ साली सुमारे ९५ किलोमीटरांचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. खोपोली ते खंडाळा हा चढ दीड हजार फुटांहून अधिक आहे. नव्या मार्गाने तो केव्हा संपला ते कळत नाही. जुन्या रस्त्याने मात्र प्रत्येक वळणास डोंगर आपली निराळी बाजू दाखवितो. काकूंचा आवाज हळूहळू मोकळा होऊ लागला. वाटेत त्यांनी पहिला थांबा फर्माविला तो शिंग्रोबापाशी.

हे लहानसे देऊळ घाटाच्या मध्यावर आहे, आणि येथे नाणे टाकल्याविना जुने गाडीवान पुढे जात नाहीत. आख्यायिका अशी, की साहेबांच्या इंजिनियरांस घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या एका धनगराने आपली जनावरे ज्या वाटेने चढत ती त्यांस दाखविली; आणि काम झाल्यावर त्या धनगरास मात्र प्राणास मुकावे लागले. कोणी ही गोष्ट आगगाडीच्या वाटेची म्हणून सांगतात, कोणी सडकेची. काकूंनी नातीच्या हातून नाणे वाहविले आणि म्हणाल्या, “कागदावर ही गोष्ट नाही. पण लोकांनी देऊळ बांधले, त्याअर्थी ज्याने वाट दाखविली त्याची आठवण कोणीतरी ठेवावी असे त्यांना वाटले. हेही इतिहासातच धरायचे.” नातीने ते कितपत धरले ठाऊक नाही, आम्ही धरले.

पुढे जुना व नवा रस्ता काही अंतर एकत्र येतात. तेथे काकू मान पुढे काढून पाहू लागल्या. “अमृतांजनचा पूल कुठे गेला?” १८३० च्या सुमाराचा तो दगडी पूल, अमृतांजन औषधाच्या जाहिरातीमुळे त्याच नावाने ओळखला जाई. नव्या मार्गाच्या वाहतुकीस त्याचे खांब अडचणीचे होत, म्हणून २०२० च्या एप्रिलात, टाळेबंदीमुळे रस्ता ओस असताना, तो पाडण्यात आला. हे आम्ही सांगितले. काकू म्हणाल्या, “पूल गेला तर गेला. कळले म्हणजे झाले.” त्या वाक्याचा रोख आमच्या ध्यानात आला, आणि आम्ही गप्प राहिलो.

खंडाळ्यास दरीच्या तोंडाशी पाच मिनिटे उभे राहिलो. समोर नागफणीचे टोक, खाली आगगाडीचे बोगदे. लोणावळ्यास सारी मंडळी फाटकाबाहेरच येऊन उभी होती. थोरल्या बंधूंनी, ज्यांचे वय पासष्ट, काकूंच्या पायांवर डोके ठेवले आणि “काकू, चुकलो” एवढेच ते बोलू शकले. काकूंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “लहानपणी परवचा चुकायचास, तेव्हा तरी कुठे रागावत होते?” तेव्हा कोठे सर्वांस मोकळेपणी हसता आले. मग पंच्याहत्तर दिव्यांचे तबक आले. काका गेल्यापासून काकूंनी स्वतःस ओवाळून घेतले नव्हते. घरातही कोणी त्यांस आग्रह केला नव्हता. वहिनींनी, सूनबाईंनी, मुलींनी आणि शेवटी नातीने त्यांस ओवाळले. त्या दिव्यांच्या उजेडात त्यांचा चेहरा पाहून आम्हांस वाटले, की हे इतकी वर्षे का राहून गेले? पुरणपोळीचे जेवण झाले. दोन दिवस राहण्याचा बेत होता, परंतु पान खाता खाता काकूंनी दुसरा हुकूम सोडला, “वडगाव बघायचे आहे. आणि तिथून पुण्याला, माझ्या घरी.”

लोणावळ्यापासून पुढचा रस्ता इंद्रायणीच्या खोऱ्यातून जातो. एका अंगास लोहगड-विसापूर, दुसऱ्या अंगास कार्ल्याचा डोंगर. या पट्ट्यात काकूंनी जो धडा दिला तो आम्ही शाळेतही ऐकला नव्हता. १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावांस गादीवर बसविण्याकरिता इंग्रजांची फौज मुंबईहून निघाली, पनवेलीस उतरली, आणि तोफा ओढीत याच घाटाने वर आली. दिवसाकाठी तिची मजल ती किती! मराठ्यांनी समोरासमोर गाठ न घालता तिला पुढे येऊ दिले आणि चारा-दाणा तोडला. कार्ल्यास ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. तो इतका शूर, की शत्रू असून मराठ्यांनी त्यास ‘इष्टुर फाकडा’ म्हटले, आणि वडगावास त्याची समाधी लोक आजही मानतात. फौज तळेगावास पोहोचली तो गाव जाळून रिकामा केलेला. रात्री तोफा तळ्यात लोटून ती मागे फिरली, पण वडगावास महादजी शिंद्यांच्या व हरिपंत फडक्यांच्या फौजांनी तिला गाठले, आणि त्याच महिन्यात इंग्रजांस तह करावा लागला.

वडगावास महादजींच्या स्मारकापाशी काकू काठी टेकून उभ्या राहिल्या. “अठ्ठावीस वर्षे फळ्यावर हा नकाशा काढीत होते,” त्या म्हणाल्या. “पनवेल, खोपोली, कार्ले, तळेगाव, वडगाव. पोरींना म्हणायची, जाऊन बघा. स्वतः कितीदा बाजूने गेले, पण कोणाच्या तरी लग्नाला, कोणाच्या तरी आजाराला. थांबा म्हणायचे कोणाला?” आम्हांस पुन्हा खोपोलीची पायरी आठवली. गाडीत बसलेल्या माणसास “जरा थांबा” एवढे म्हणण्याचा धीर नसावा, आणि चालविणाऱ्यास ते विचारण्याचे सुचू नये, हा दोष रस्त्याचा नव्हे.

पुण्यास पोहोचलो तो दिवस कलला होता. नारायण पेठेत, नदीकडच्या बाजूस, एका लहानशा मारुतीच्या देवळावरून काकूंनी जागा ओळखली. वाड्याच्या ठिकाणी आता चार मजली इमारत आहे. खाली छपाईचे दुकान. दुकानदाराने परक्या मंडळींस पाहून चौकशी केली, आणि कळल्यावर आतून खुर्ची आणून दिली. काकू बसल्या नाहीत. “इथे दगडी पायरी होती, इथे हौद. आईचे तुळशीवृंदावन त्या खांबाच्या जागी,” असे त्या नातीस सांगत राहिल्या. पूर ओसरल्यावर वडील गाळात देवांचा शोध घेत होते, हेही त्यांनी सांगितले. पाच-दहा मिनिटेच झाली असतील. मग दुकानदारास नमस्कार करून त्या म्हणाल्या, “पाहिले. आता घरी चला.”

नातीने विचारले, “मोठी आजी, घरी म्हणजे कुठे?”

“ठाण्याला. दुसरे कुठले?”

लोणावळ्याची मंडळी लोणावळ्यास राहिली. आम्ही नव्या मार्गाने तीन तासांत ठाण्यास आलो. काकू वाटभर गाढ झोपल्या होत्या.

आता चार शब्द अनुभवाचे. वडील माणसांस चकित करू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु तरुणांस जे गुपित गोड लागते, ते वृद्धांस निराळे लागू शकते. तरुण माणूस ‘काहीतरी होणार’ म्हटले की चांगलेच होणार असे धरतो. ज्याचे पती, भावंडे, सोबती एकेक करून गेले, तो तसे धरीत नाही. म्हणून देणगी हवी तर लपवावी, वाट लपवू नये. “अमुक दिवशी बाहेर जाणार आहोत, अमुक वेळेस आपण सर्व घरी परत येणार आहोत,” एवढे आधी सांगावे. त्याने गमतीत काही उणे पडत नाही. त्यांची पिशवी त्यांस स्वतः भरू द्यावी. वाटेतील निदान एक थांबा त्यांच्या मर्जीचा ठेवावा, आणि तो विचारून घ्यावा. कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीने प्रवास केलेले माणूस आपणहून तो मागत नाही. घरातील वृद्धांविषयी बोलताना दार उघडे ठेवावे. अर्धे ऐकलेले वाक्य रात्री पुरे होते, आणि ते चांगल्या रीतीने क्वचितच पुरे होते.

आणखी एक. इमारतीची पुनर्बांधणी अद्याप व्हावयाची आहे. पण त्याच आठवड्यात आम्ही सर्व एकत्र बसून काकूंसमक्ष ठरविले, की भाड्याची जागा दोन खोल्यांची मिळो की तीन, त्यांतली उजेडाची खोली त्यांची. हे ठरविण्याची गरज नाही असे आम्हांस वाटत होते. ते बोलून दाखविण्याची होती.

त्या दिवाळीत आम्ही सारे कसाऱ्याच्या घाटाने नाशिकास जाऊन आलो. तो रस्ताही जुना, आग्र्याकडे जाणारा. तारीख काकूंनी ठरविली, थांबे त्यांनीच लिहून काढले, आणि पिशवी आदल्या रात्री स्वतः भरून दारापाशी आणून ठेवली होती.